सीएसएलबीचं लायसन्स चेक: बाथरूम तोडायच्या आधी दहा मिनिटं द्याच

बे एरियात घर घेतलेल्या सगळ्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. आमचं फ्रीमाँटचं घर जुनं, वरच्या बाथरूमची ओल खाली हॉलच्या छताला यायला लागली म्हणून अख्खं बाथरूम नवीन करायचं ठरलं. ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर मिळाला, बोलायला एकदम गोड, कोटेशन १८ हजार डॉलर, कार्डावर लायसन्स नंबर पण छापलेला. नवरा म्हणाला, अगं नंबर आहे ना, झालं तर मग. पण मला काही राहवेना. सीएसएलबीच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाच्या साइटवर तो नंबर टाकला. फुकट आहे, लॉगिन वगैरे काही लागत नाही.

नंबर खरा निघाला. नाव तेच, स्टेटस ॲक्टिव्ह, क्लास बी म्हणजे जनरल बिल्डिंग, २५ हजार डॉलरचा बॉन्डही, म्हणजे त्याने काही गडबड केली तर भरपाईसाठी ठेवलेली हमी, होता. मी पान बंदच करणार होते, पण सहज खाली गेले तर वर्कर्स कॉम्पेन्सेशनच्या, म्हणजे कामावर जखमी होणाऱ्या कामगारांच्या विम्याच्या, जागी लिहिलेलं की याला इन्शुरन्समधून सूट आहे, कारण आपल्याकडे कामगार नाहीत असं त्याने लिहून दिलंय. आणि हाच माणूस आदल्या दिवशी आमच्या जिन्यात उभा राहून सांगत होता की माझी चार पोरं येतील, दोन आठवड्यात उरकून टाकतो! त्यातला एखादा ओल्या फरशीवरून घसरून पडला तर ते प्रकरण घरमालकावर शेकू शकतं हो. फोन करून विचारलं तर नीट उत्तर नाही, वर ३० टक्के ॲडव्हान्स आणि तोही कॅश. इथे घराच्या कामाला कायद्याने १० टक्के किंवा १००० डॉलर यातली जी रक्कम कमी तेवढाच ॲडव्हान्स घेता येतो, वेगळा मोठा बॉन्ड भरलेले मोजके कॉन्ट्रॅक्टर सोडले तर. मी सरळ नाही म्हटलं.

दुसरा २१ हजारात मिळाला. महाग, पण त्याच्या पानावर इन्शुरन्स कंपनी, पॉलिसी नंबर, मुदत सगळं दिसत होतं, आणि घरी आल्यावर त्याचं फोटो आयडी बघून पानावरच्या नावाशी जुळवून घेतलं, कारण दुसऱ्याचा नंबर वापरणारेही असतात. त्याला अजिबात राग आला नाही.

एक लक्षात घ्या, टाइल सरळ बसवतो का हे हे पान सांगत नाही, त्यासाठी त्याची आधीची दोन कामं आम्ही प्रत्यक्ष जाऊन बघून आलो.

आता छताचं काम काढतोय. रूफिंगचं लायसन्स सी-३९, आणि त्यांना माणसं असोत नसोत वर्कर्स कॉम्प घ्यावंच लागतं, त्यामुळे तिथे सूट वगैरे प्रकारच नाही. तिघांचे लायसन्स नंबर फ्रिजवर चिकटवलेत, आज पोरं झोपली की बघायला बसणार.