डिझेलचं पाणी अडवणारं नरसाळं, आठ महिने वापरल्यावर

मागच्या जूनमध्ये घेतलं, आता फेब्रुवारी चालूय. नाना पेठेत स्पेअरच्या दुकानातनं साडेआठशेला आणलं, घरी वडील म्हणाले एवढ्यात दहा साधी नरसाळी आली असती. बरोबरच होतं त्यांचं, पण त्याआधी मिस्त्रीला ट्रॅक्टरच्या नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) आणि इंजिनाच्या डिझेल पंपाच्या कामाचे किती दिले ते मी घरी पूर्ण सांगितलं नव्हतं.

आम्ही सासवडच्या पुढं राहतो, डिझेल पंप ११ किलोमीटर. दर वेळी ट्रॅक्टर घेऊन जाणं परवडत नाही म्हणून कॅन भरून आणायचे आणि घरच्या २०० लिटरच्या ड्रममध्ये ओतायचे. त्यात पालखी दिवे घाट चढून आली की दोन दिवस मुक्काम सासवडला, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्याआधी ड्रम फुल करून ठेवायची आमची जुनी सवय. ड्रम उभा, अंगणात, वर ताडपत्रीचा तुकडा. मागच्या वर्षी मेमध्ये वळवाचे दोन-तीन दणके झाले आणि नंतर अंजिराच्या बागेत रोटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) मारताना ट्रॅक्टर मिस करायला लागला, पांढरा धूर, मग बंदच. हवा काढली, चालू झाला, पुन्हा बंद. मिस्त्रीने फिल्टर खोलून बाटलीत ओतलं आणि म्हणाला, "ट्रॅक्टरला डिझेल पाजताय का ताक?" खरंच ताकासारखं पांढुरकं दिसत होतं.

मी सगळा राग पंपवाल्यावर काढला होता. मग एकदा काचेच्या बाटलीत पंपावरचं ताजं डिझेल घेतलं, रात्रभर ठेवलं, एकदम स्वच्छ. ड्रमच्या तळातलं घेतलं तर खाली दोन बोटं पाणी. उभ्या ड्रमवर बुचाभोवती पाणी साचतं, दिवसा ऊन लागलं की आतली हवा फुगून बाहेर जाते आणि रात्री गार पडला की ड्रम ते पाणी आट्यांमधनं आत ओढतो. म्हणजे चोर घरातच.

आता नरसाळ्याचं. आत स्टीलची बारीक जाळी, तिला टेफ्लॉनचं कोटिंग. डिझेल पार होतं, पाण्याचे थेंब पार होत नाहीत, खालच्या खोलगट भागात बसून राहतात. पहिल्याच दिवशी ड्रमचा तळ काढला तर पेलाभर पाणी आणि तपकिरी चिकट घाण अडकली, शेवाळासारखी. डिझेल आणि पाणी जिथं एकमेकाला टेकतात तिथं जंतू वाढतात, ती ही घाण. हे सगळं आजपर्यंत टाकीत जात होतं म्हणा! आधी आम्ही सुती फडक्यातनं गाळायचो, पण फडकं पाणी काय अडवणार, उलट त्याचे धागे फिल्टरमध्ये जाऊन बसायचे.

पण आता बाकीचं पण ऐका, कारण दुकानदार हे सांगत नाही. जाळीचं भोक साधारण ७५ मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ केसाएवढं. नोझल खाणारी बारीक धूळ ५-१० मायक्रॉनची असते, ती आरामात पार होते. ती अडवणं ट्रॅक्टरच्या फिल्टरचंच काम, त्यामुळे नरसाळं आहे म्हणून फिल्टर बदलायचे लांबवू नका. आणि हलवून ताक झालेलं पाणीही हे नीट अडवत नाही. कॅन गाडीत हिंदकळत आला की मी आता लगेच ओतत नाही, एक रात्र बसू देतो आणि तळातलं लिटरभर वेगळं काढतो.

स्पीड हा खरा वैताग. ३५ लिटरचा कॅन आधी तीन-चार मिनिटांत व्हायचा, आता दहा-बारा मिनिटं उचलून धरा, जरा घाई केली की वरनं सांडतं. शेवटी ड्रमला हाताने फिरवायचा पंप बसवला, त्याचा पाइप तळापासून चार बोटं वर ठेवलाय, आता नरसाळ्यात अडकायला फार काही येतच नाही. ड्रम शेडमध्ये घेतला, एका बाजूला वीट लावून तिरका केला, बूच वरच्या बाजूला. शेजारचे जस्ती पत्र्याचा मोठा डबा फुकट देत होते, मिस्त्रीने हात जोडले, जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि नोझलपर्यंत जातं म्हणाला.

टाकी संध्याकाळी काम संपल्यावर फुल करतो, म्हणजे रात्री आत दव धरायला मोकळी जागा राहत नाही. झाकण उघडायच्या आधी आजूबाजूची माती पुसायची, रोटरनंतर तिथं बोटभर धूळ असते आणि आपण तीच आत ढकलतो. सकाळी चालू करायच्या आधी फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून थोडं काढायचं. आधी त्यात पाणी दिसायचं, दिवाळीपासनं एकदाही दिसलं नाही.

हां, आणि सध्याचं नरसाळं दुसरं आहे. पहिलं धाकट्या भावाने निरमा आणि घासणीने घासून चकाचक केलं, त्याला वाटलं मदत करतोय. साबण राहिला किंवा कोटिंग घासलं गेलं की खेळ खलास. शंका आली की आधी थोडं डिझेल फिरवून मग पाणी ओतून बघा, पाणी थांबलं पाहिजे. आमचं सरळ खाली गेलं. धुवायचंच तर डिझेलनेच खळबळून घ्या आणि पिशवीत घालून टांगा.

जुनं फेकलं नाही. डिझेलचा वाससुद्धा राहिला नाही त्याला, फवारणीच्या पंपात पाणी गाळून भरायला वापरतोय, पाणी अगदी झकास पार होतं.