रंध्याची मूठ तुटली: चिकटवायची, आणायची की घडवायची?

लोखंडी रंध्याची मागची मूठ तुटली की तीन वाटा उरतात. मी तिन्ही वाटांनी जाऊन आलो आहे, म्हणून ठरवणाऱ्याला उपयोगी पडेल तेवढं सांगतो.

फूट स्वच्छ असेल आणि एकही कपची हरवली नसेल, तर चिकटवणं कमी लेखू नये. मुठीच्या लाकडाच्या रेषा रंध्याच्या तळाला समांतर असतात, म्हणून ती मधोमध आडवी फुटते. फूट रेषेच्या बाजूनेच गेलेली असल्यामुळे सांधा चांगला धरतो. जुना तेला-घामाचा थर थिनरने पुसा, अ‍ॅराल्डाइट लावा, मुठीतून आरपार जाणाऱ्या लोखंडी रॉडला मेण चोळा आणि मूठ त्याच रॉडवर नटाने आवळून ठेवा. वेगळा क्लॅम्प लागत नाही. वरचं शिंग, म्हणजे मुठीचं वर निघालेलं टोक, उडून हरवलं असेल, तर मात्र या वाटेला जाऊ नका. ती उरलेली कड अंगठ्याच्या बेचक्यात सतत रुतते.

तयार मूठ सांगलीत गणपती पेठेत चौकशी केली की मिळते. काम अडलेलं असेल तर ती घ्यावी, त्यात वाईट काही नाही. पण माझं मन तिच्यावरूनच उडालं. मला मिळालेली लाकडी मूठ मूळ मुठीपेक्षा किंचित बुटकी होती. पितळी नट लाकडावर दाबून बसण्याआधीच रॉडचे आटे संपायचे. म्हणजे नट घट्ट, मूठ सैल! पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा काही जाणवलं नाही. एप्रिलच्या उन्हात रेषेच्या आडवं, म्हणजे नेमकं मुठीच्या उंचीत, लाकूड आखडलं आणि मूठ डुगडुगायला लागली. हात पुढे रेटला की आधी मूठ कलायची, मग रंधा हलायचा. गाठीवर पातं अडलं की तो झटका थेट मनगटात. वॉशर घाला, रॉडचं टोक कानशीने घासा, तेवढ्यापुरतं जमतं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. शिवाय अशी हलती मूठच पुढे फुटते, म्हणजे फिरून पहिल्याच जागी. प्लॅस्टिकची मूठ आखडत नाही, हे खरं. पण मे महिन्यात घामेजल्या हातात ती निसटते, मला तरी धरवत नाही.

नवी घडवायला रविवार मोडतो. मी देशी बाभूळ घेतो, वखारीतली नीट वाळलेली. आपल्याकडे बैलगाडीची चाकं आणि औतं तिचीच होत आली, ती उगाच नाही. स्टॅनले कंपनीच्या जुन्या रंध्यांच्या मुठी रोझवुडच्या असत, तसं देखणेपण हवं तर शिसव घ्या, खिसा मात्र तपासा. सागवान हाताला हलकं जातं, पण त्याचं शिंग लवकर उडेल असं मला वाटतं. बाभूळ करवतीची धार खाते, एवढी तक्रार मान्य.

ठोकळा ७ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीचा घ्या. तो चौकोनी असतानाच रॉडचं तिरपं भोक पाडून टाका, आकार कापल्यावर ते सरळ जात नाही. उंची मूळ मुठीपेक्षा अर्धा सूत जास्त ठेवा, म्हणजे लाकूड आखडलं तरी नटाला आवळायला जागा राहते. आणि मूठ तीन बोटांपुरतीच करा, तर्जनी पुढे पात्याच्या बाजूला टेकवायची असते. तुमचा पंजा मोठा असेल तर तिथे थोडं वाढवता येतं. तयार मुठीत ही सोय नाही, आणि दिवसभर रंधा मारणाऱ्याला तो फरक संध्याकाळी कळतो.

ज्याच्याकडे करवत, कानस आणि ड्रिल आहे, त्याला मी बाभळीकडेच वळवीन. बाकी काहीही ठरवा, जुना रॉड आणि पितळी नट टाकू नका. स्टॅनलेच्या रॉडचे आटे दुकानातल्या साध्या बोल्टशी जुळत नाहीत. तुटलेले तुकडेही जपा, नव्या मुठीचा आकार त्यांवरूनच आखता येतो.