वाढलेला थायरॉईड: गोळ्या, आयोडीन की ऑपरेशन?

पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरताना माझा हात इतका थरथरायचा की अर्धं ओट्यावरच सांडायचं. चार महिन्यांत सात किलो वजन उतरलं आणि इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या बायका कौतुकानं डाएट विचारायला लागल्या. निघाला ग्रेव्हज् डिसीज. म्हणजे शरीरानंच तयार केलेल्या अँटीबॉडी थायरॉईडला हाकत सुटतात. "थायरॉईड झालाय" म्हणणारे बहुतेक जण कमीवाले असतात, म्हणजे त्यांची ग्रंथी हार्मोन कमी बनवते. हे लिहितेय ते आम्हा जास्तवाल्यांसाठी.

आधी निदान पक्कं करा. नुसता टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन) कमी आणि टी-४ (ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन) जास्त आला म्हणून ग्रेव्हज् ठरत नाही. ग्रंथीला सूज आली तरी साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं, पण ते काही आठवड्यांत आपसूक ओसरतं आणि तिथे ग्रंथीला आवरणाऱ्या गोळ्यांचा उपयोग नसतो. म्हणून टीआरएबी ही अँटीबॉडीची तपासणी किंवा स्कॅन करतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते आधी सांगा. काही लॅबच्या पद्धतींत त्यानं रिपोर्ट हुबेहूब ग्रेव्हज्‌सारखा येतो!

सुरुवात बहुधा कार्बिमाझोल या ग्रंथीला आवरणाऱ्या गोळीनं होते. फरक जाणवायला तीन ते सहा आठवडे जातात; तोवर धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल देतात (दमेकऱ्यांना चालत नाही). कोर्स बारा ते अठरा महिन्यांचा. ग्रंथी शाबूत राहते, हा मोठा फायदा. पण गोळ्या थांबवल्यावर साधारण निम्म्या लोकांत आजार उलटतो, माझा आठव्या महिन्यात उलटला. कमी डोसवर वर्षानुवर्षं राहण्याचाही मार्ग आहे, फक्त रक्त तपासत राहायचं. एक गोष्ट मात्र फ्रिजवर चिकटवून ठेवा: ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी बंद, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. क्वचित या औषधानं पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. मूल हवं असेल तर आधीच सांगा, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत सहसा दुसरं औषध देतात.

दुसऱ्यांदा मी रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, निवडलं. नाव ऐकून घरात सुतकी शांतता पसरली होती. प्रत्यक्षात एक कॅप्सूल गिळायची, या आजारातल्या डोसला सहसा भरतीही व्हावं लागत नाही. आयोडीन थायरॉईडमध्ये जाऊन बसतं आणि तिथल्या पेशी मारतं. काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं. नातू दारात उभा राहून विचारायचा, "आजी, तू कधी सुटणार?" गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला हे चालत नाही, नंतरही निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. डोळे बाहेर आले असतील तर ते बिघडू शकतात, सिगारेट ओढणाऱ्यांचे जास्तच.

माझ्या भाचीची गोष्ट वेगळी. वय अठ्ठावीस, मूल लवकर हवं, डोळे सुजलेले, गळ्यावर गाठ दिसण्याइतकी. तिनं ऑपरेशन केलं आणि माझ्या मते बरोबर केलं. आधी गोळ्यांनी हार्मोन ताळ्यावर आणावे लागतात. मुख्य जोखीम दोन: आवाजाची नस दुखावणं आणि कॅल्शियम घसरणं. दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांभोवती मुंग्या आल्या, महिनाभर कॅल्शियम घ्यावं लागलं. सर्जनला खुशाल विचारा, वर्षाला अशी ऑपरेशनं किती करता?

"पण मग आयुष्यभर थायरॉक्सिनची गोळी! आगीतून फुफाट्यात!" असं आमच्याकडे सगळे म्हणाले. थायरॉक्सिन म्हणजे ग्रंथीचंच हार्मोन, गोळीतून घ्यायचं. ऑपरेशननंतर ती गोळी ठरलेलीच, आयोडीननंतरही बहुतेकांना लागते. मला हे गणित पटत नाही. उपाशीपोटी एक गोळी, चहा अर्ध्या तासानं, लोह-कॅल्शियम चार तासांनी, एवढाच तो फुफाटा. उलटणाऱ्या आजाराची टांगती तलवार मला त्याहून जड होती. भाचीच्या वयात, गाठ लहान आणि डोळे ठीक असते तर मी पहिल्यांदा गोळ्यांवरच थांबले असते.

आयोडीन घेतलंत तर सहाव्या आठवड्यात टी-४ करायला विसरू नका, नुसत्या टीएसएचवर जाऊ नका. माझा टीएसएच तीन महिने तळालाच होता, टी-४ मात्र केव्हाच खाली गेला होता आणि मी भर मे महिन्यात शाल पांघरून बसले होते.