लॅपटॉप की आठ ट्रॅकचा रेकॉर्डर? घरी चाली बांधणाऱ्यांसाठी

गणपतीसाठी जाखडीची (कोकणातल्या नाच-गाण्याची) नवी गाणी बांधायची तर चाल नुसती डोक्यात ठेवून भागत नाही. मंडळातली निम्मी पोरं मुंबईला असतात, त्यांना ती आधी ऐकवायची असते. मृदंगवाल्याला ठेका कळायला हवा, कोरसला ध्रुवपदाची उचल. फोनवर एका दमात गाऊन पाठवलं तर आवाज आणि वाद्यं एकमेकांत मिसळून जातात, मागाहून नुसता बेंजो वाढवावा म्हटलं तर वाढत नाही. म्हणून मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक आवाज आणि वाद्य वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करणं.

खिशाला झेपणारे दोन मार्ग मी घरी वापरून पाहिलेत: लॅपटॉपला दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्य लॅपटॉपला जोडणारी पेटी), आणि टॅस्कॅमचा डीपी-००८ईएक्स हा स्वतंत्र रेकॉर्डर. लॅपटॉप आधीच घरात असेल तर पहिला मार्ग स्वस्त पडतो.

लॅपटॉपच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, ऑडॅसिटी तर कायमचं फुकट. ट्रॅक हवे तेवढे. कडव्यातली एक ओळ बेसूर झाली तर दुसऱ्या टेकमधली उचलून तिथे बसवता येते, आणि आवाजाची लाट स्क्रीनवर डोळ्यांसमोर दिसत असल्याने काम पटकन होतं. गाणं तयार करून थेट यूट्यूबवर टाकायचं असेल तर हेच बरं, यात मला शंका नाही.

माझी गाडी अडली ती घुंई या आवाजापाशी.

आमचं घर सड्यावर, कातळात. अर्थिंगसाठी खड्डा खणला तरी खाली जांभाच. मीठ-कोळसा घालून पाणी ओतलं की काही दिवस बरं चालतं, पण एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की अर्थिंग नावालाच उरतं. अशा घरात चार्जर लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवर हाताची मागची बाजू हलकेच फिरवा, बारीक झिणझिण जाणवेल. चार्जरमधून निसटणाऱ्या त्या अगदी थोड्या विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही, मग ती इंटरफेसमधून वाद्याच्या वायरीत शिरते. माइकची वायर बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची घरघर आपोआप कापणारी असते, ती बऱ्यापैकी वाचते. बेंजो वाचत नाही. त्याचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) चुंबकाचा, वायर साधी. भिंतीतल्या वायरिंगचा आणि शेजारच्या इन्व्हर्टरचा ५० हर्ट्झही तो आनंदाने ओढून घेतो. बेंजोच्या तारेला हात लावला की घुंई कमी, सोडला की परत जास्त. गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं गाणं, संथ लयीत असतो. दोन सुरांमधल्या मोकळ्या जागेत ती घुंई उघडी पडते. सॉफ्टवेअरने काढायला गेलं तर तिच्याबरोबर बेंजोचा खर्जही पातळ होतो.

यावर उपाय आहेत. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, घुंई बहुतेक जाते. तुमच्या लॅपटॉपची बॅटरी धडधाकट असेल तर माझा अर्धा मुद्दा इथेच संपतो, हे मान्य करायला हवं. माझी बॅटरी एका गाण्याच्या टेकपुरतीही टिकत नाही. डीआय बॉक्सनेही (वाद्याची साधी वायर बॅलन्स्ड करणाऱ्या डबीनेही) फरक पडतो. पण प्लगची अर्थिंगची पिन मोडून घुंई घालवायचा जो सल्ला सर्रास दिला जातो तो कृपा करून ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

डीपी-००८ईएक्स चार पेन्सिल सेलवर चालतो. बेंजोवाल्याला घेऊन पडवीत, वायरिंगपासून लांब बसलं की हेडफोनमध्ये फक्त बेंजो. मोजमाप काही केलेलं नाही, कानांनी सांगतोय. अ‍ॅडॉप्टरवरही चालतो, पण तो लावला की तीच वीज मागच्या दाराने आत येऊ शकते, म्हणून मी लावतच नाही. पावसात सतत वीज जाते, तेव्हा तालीम थांबत नाही ही वरची कमाई.

उणिवाही आहेत. एका वेळी दोनच ट्रॅक रेकॉर्ड होतात, त्यामुळे सगळं मंडळ एकदम वाजवतंय आणि प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, हे जमणार नाही. मी आधी मृदंग आणि कच्चा आवाज घेतो, मग बेंजो, मग झांज-घुंगरू, शेवटी कोरस दोनदा. आठ भरत आले की झांज-घुंगरू एका ट्रॅकवर बाउन्स करायचं, म्हणजे एकत्र करून बाकीची जागा मोकळी करायची. १९७९ मध्ये टॅस्कॅमनेच चार ट्रॅकचा पहिला कॅसेट पोर्टास्टुडिओ काढला तेव्हापासून लोक असंच करत आलेत. माझ्या मते त्याचा फायदाच होतो: काय ठेवायचं, काय गाळायचं हे आधी ठरवावं लागतं. स्क्रीन मात्र लहान आहे, आणि गाणं संगणकावर न्यायचं तर ट्रॅक आधी एक्स्पोर्ट करून कार्डाच्या दुसऱ्या भागात घ्यावे लागतात. पहिल्यांदा कंटाळा येतो.

आता झूम कंपनीचा आर४ हा रेकॉर्डरही आहे. ट्रॅक चारच, पण ३२-बिट फ्लोटमुळे (खूप हळू ते खूप मोठा आवाज सामावणाऱ्या रेकॉर्डिंगमुळे) मृदंगावर अचानक जोराची थाप पडली तरी आवाज फाटत नाही, मागाहून खाली आणता येतो. पॉवर बँकेवरही चालतो. एकटे गाणारे आणि गिटार किंवा पेटी वाजवणारे असाल तर तो नक्की बघा. मला कोरससाठी चार ट्रॅक अपुरे पडतात.

घर शहरात असेल, अर्थिंग नीट असेल, संपादनाची हौस असेल तर लॅपटॉपच घ्या, मी अडवणार नाही. पण कातळावरचं घर, बेंजो किंवा इलेक्ट्रिक गिटार आणि पावसाळ्यातली तालीम असं तिन्ही असेल तर मी सेलवरच्या रेकॉर्डरकडेच बोट दाखवीन. घेतलात तर साधे सेल वापरू नका, फार लवकर संपतात. माइकला फँटम पॉवर (काही माइकना वायरीतून लागणारी वीज) दिली तर आणखी लवकर. रिचार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचे दोन संच ठेवा आणि मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरी किती उरली ते चुकीचं दिसतं. गणपती झाले की सेल काढून रेकॉर्डर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आधी सेलच्या खाचेतल्या पट्ट्या गंजतात.