सिरॅमिक कोटिंग करायचं की दोन बादल्या घ्यायच्या? गाडीचा रंग जपण्याच्या पर्यायांची तुलना

नवी गाडी घेताना शोरूममध्येच विचारतात, "सिरॅमिक कोटिंग करून देऊ का?" म्हणजे रंगावर एक पातळ, कडक थर चढवायचा. हो म्हणण्याआधी घरच्या घरी एक गोष्ट ठरवा: ही गाडी रोज कोण पुसणार आणि कशाने? रंगाचं आयुष्य कोटिंगपेक्षा यावर जास्त अवलंबून असतं.

दोन-तीन वर्षं वापरलेल्या काळ्या किंवा गडद लाल गाडीचं बॉनेट उन्हात तिरकं पाहा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक चरे दिसतील. यातले बहुतेक चरे पुसताना पडलेले असतात. आपल्याकडच्या धुळीत वाळू, सिमेंट आणि खडीची भुकटी असते. कोरड्या किंवा नुसत्या ओलसर फडक्याने ती धूळ रंगावरून ओढली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, केसाहूनही पातळ. चरे घालवायला 'रबिंग-पॉलिश' केलं की त्यातलाच थोडा थर कायमचा जातो. म्हणून चरे पडूच न देणं सगळ्यात स्वस्त.

आता धुण्याचे पर्याय.

सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारे दादा सोयीचे आणि स्वस्त असतात. पण एका बादलीत आणि एकाच फडक्यात ते पाच-सहा गाड्या उरकतात, त्यामुळे पहिल्या गाडीची वाळू सहाव्या गाडीवर फिरते. दोष त्यांचा नाही, इतक्या कमी वेळात आणि पाण्यात दुसरं काही शक्यच नसतं. गाडी पांढरी किंवा चंदेरी असेल तर चरे पटकन डोळ्यांत भरत नाहीत आणि ही व्यवस्था चालून जाते. गडद रंगाच्या गाडीला मी ती मुळीच सुचवणार नाही.

वॉशिंग सेंटरचा मोठा फायदा म्हणजे दाबाचं पाणी आणि गाडी वर उचलून खालून धुता येणं. पावसाळ्यात कोकणातून आल्यावर चाकांच्या कमानीत लाल चिखल आणि बुडाला खारं पाणी अडकलेलं असतं. ते घरच्या पाइपाने निघत नाही, तिथे सेंटरच हवं. फोम मारल्यावर मात्र लक्ष ठेवा. फेसाचं काम मळ सैल करण्याचं. त्यानंतर जो स्पंज फिरतो तो आधी चाकांवर फिरला असेल किंवा जमिनीवर पडला असेल, तर फेस कितीही दाट असला तरी उपयोग नाही. आपला मायक्रोफायबरचा (अगदी बारीक कृत्रिम धाग्यांच्या कापडाचा) हातमोजा घेऊन जा आणि "दादा, वर फक्त हा वापरा" असं सांगा, बहुतेक ठिकाणी ऐकतात. बुडाला डिझेल मारू देऊ नका. चकाकी येते, पण डिझेलने रबराचे बुश आणि पाइप फुगतात, खराब होतात.

घरी धुणाऱ्याला दोन बादल्या पुरतात. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी गाडीवर पाणी मारून सुटी धूळ घालवायची, मग छतापासून खाली यायचं. एक पत्रा झाला की हातमोजा साध्या पाण्यात पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. चाकं शेवटी, वेगळ्या कापडाने. सावलीत आणि बॉनेट गार असताना धुवायचं, नाहीतर शाम्पू रंगावरच वाळतो. ३० ते ४० लिटरमध्ये काम होतं. चालू ठेवलेला पाइप मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज ओततो. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला साधारण सहा-सात लिटर घेतो, म्हणजे त्याने पाणी वाचतं. नोझल मात्र रंगापासून फूटभर तरी लांब धरा, आणि आधी ठोकून रंगवलेल्या पत्र्यावर आणखी लांब. तिथला रंग सालासारखा निघू शकतो.

पाण्याचा टँकर येणाऱ्या सोसायटीत राहणाऱ्यांसाठी चौथा पर्याय आहे: रिन्सलेस वॉश. यातलं ऑप्टिमम कंपनीचं 'नो रिन्स' बरंच जुनं आणि नावाजलेलं. ते एकास २५६ या प्रमाणात मिसळतात, म्हणजे साडेसात लिटर पाण्यात साधारण ३० मिली. हे द्रावण धुळीच्या कणांभोवती निसरडा थर करतं, आणि नंतर पाणी मारावं लागत नाही. अर्ध्या बादलीत गाडी स्वच्छ होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी माझ्या मते हाच सर्वांत चांगला मार्ग आहे, फक्त चिखलाने बरबटलेल्या गाडीला नाही.

साबणाबद्दल फार बोलायला नको. कपड्यांची पावडर क्षारीय असते आणि वॅक्स उतरवते. भांड्यांच्या बारमध्ये घासण्यासाठी खनिजाची बारीक पूड असते. उदासीन पीएचचा कोणताही कार शाम्पू घ्या, ब्रँडने फार फरक पडत नाही.

फरक पडतो तो फडक्याने. जुना बनियन किंवा साडीचा तुकडा मऊ लागतो, पण सपाट विणीत कण वरच राहतात आणि रंगावर घासले जातात. दाट लव असलेल्या मायक्रोफायबरमध्ये ते धाग्यांच्या आत जातात. शामॉय, म्हणजे गाडी वाळवायचं चामड्यासारखं मऊ फडकं, पाणी छान ओढतो, पण मागे राहिलेला कणही सोबत ओढतो, म्हणून वाळवायला मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल बरा. बोअरच्या पाण्याने धुत असाल तर लगेच कोरडं करणं आवश्यकच आहे. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उन्हात वाळले की पांढरे गोल डाग पडतात. ताजे डाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने जातात, नंतर स्वच्छ पाण्याने धुवायचं. जुने डाग रंगात खोल उतरतात. टॉवेल धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, धाग्यांची पाणी शोषण्याची ताकद जाते.

आता त्या कोटिंगकडे.

कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळतं. गडद रंगावर ते फार देखणं दिसतं, पण आपल्या उन्हात महिना-दोन महिन्यांत उतरतं. कृत्रिम सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण रसायनांपासून बनवलेला लेप, चार-सहा महिने टिकतं, लावायला सोपं आणि खर्चही कमी. ज्याला वर्षातून दोनदा रविवारची सकाळ देता येते त्याने पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास सीलंट लावावं.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकावर आधारित, जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा कडक थर. चांगल्या हाताने केलं तर दोन-तीन वर्षं टिकतं, मळ कमी चिकटतो, गाडी लवकर धुऊन होते. हे फायदे खरे आहेत. पण जाहिरातीतलं '९एच' हे पेन्सिलच्या कडकपणाच्या मोजपट्टीवरचं माप आहे. एवढ्याशा थराने दगड अडत नाही आणि चुकीच्या फडक्याचे चरेही पडायचे थांबत नाहीत. बोअरच्या पाण्याचे डाग त्यावरही बसतात. कोटिंग करून गाडी पुन्हा त्याच एका बादलीच्या फडक्याखाली जाणार असेल, तर ते हजारो रुपये माझ्या मते वाया जातात.

उडणारी खडी अडवते ती फक्त पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. ही साधारण १५० ते २०० मायक्रॉनची लवचीक प्लास्टिक फिल्म असते, आणि चांगल्या प्रतीच्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाच्या उबेने भरून येतात. पूर्ण गाडीला लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त खर्च येतो. वरचेवर एक्स्प्रेस-वेने जाणाऱ्याने पुढचा बंपर, बॉनेट आणि आरसे एवढ्यालाच लावावी.

टेफ्लॉन कोटिंग अजूनही काही ठिकाणी विकतात. टेफ्लॉन मुळात कशालाच चिकटत नाही. तव्यावर बसवताना तो भट्टीत तापवावा लागतो, आणि रंगवलेली गाडी इतकी तापवता येत नाही. त्यावर पैसे घालू नका.

स्वतः धुणं ज्यांना जमणारच नाही, त्यांनी दादांशीच वेगळं ठरवावं. आपल्या गाडीसाठी वेगळी बादली, चार-पाच मायक्रोफायबर आणि रिन्सलेसची बाटली त्यांच्या हाती द्यावी. रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा, पण नीट पुसायला सांगावं आणि महिन्याचे पैसे थोडे वाढवून द्यावेत. मधल्या दिवशी फडकं लावूच नये, धूळ बसून राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही. अपवाद पक्ष्यांच्या विष्ठेचा. ती त्याच दिवशी ओल्या टिश्यूखाली दोन-चार मिनिटं भिजवून अलगद उचलावी, घासू नये.