अपूर्णांकांच्या सरावाचे ॲप: सात महिन्यांनंतर, ६/८ च्या निमित्ताने

वर्गणीच्या नूतनीकरणाची सूचना गेल्या आठवड्यात आली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझ्या वर्गातील दहा-अकरा वर्षांची मुले सात महिन्यांपासून या ॲपवर अपूर्णांकांचा सराव करीत आहेत. त्यात बेरजेचा, जोड्या लावण्याचा, भाग रंगवण्याचा आणि संख्यारेषेचा असे वेगवेगळे खेळ आहेत.

सर्वाधिक मनस्ताप झाला तो बेरजेच्या खेळाचा. १/२ + १/४ हे उदाहरण सोडवताना एका मुलीने दोन्ही छेदांचा गुणाकार करून ८ हा समान छेद घेतला, ४/८ आणि २/८ अशी मांडणी केली आणि ६/८ हे उत्तर भरले. ॲपने लाल फुली दाखवली आणि तिचा एक तारा काढून घेतला. शेजारच्या मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/६ लिहिले होते; त्यालाही तीच फुली आणि तेवढाच दंड. उत्तर अतिसंक्षिप्त रूपात, म्हणजे अंश आणि छेद यांना आणखी भाग जाणार नाही अशा ३/४ या रूपात द्यावे, अशी सूचना प्रश्नात कोठेही नव्हती. मी तिच्या बाकाजवळ पोहोचेपर्यंत तिने वहीतली ती अचूक मांडणी खोडून टाकली होती.

मी ग्राहक सेवेला तीनदा लिहिले. दोनदा ॲप काढून पुन्हा घेण्याचा सल्ला मिळाला आणि तिसऱ्यांदा ‘अतिसंक्षिप्त रूप हेच ग्राह्य उत्तर आहे’ एवढे एक वाक्य. याच ॲपमधील जोड्या लावण्याच्या खेळात ६/८ आणि ३/४ हे सममूल्य अपूर्णांक म्हणून एकत्र जोडावे लागतात. एका खेळात जे शिकवायचे तेच दुसऱ्या खेळात चूक ठरवायचे, हे मला अजूनही मान्य नाही. ‘उत्तर बरोबर आहे, आता संक्षिप्त रूप द्या’ एवढी एक ओळ दाखवली असती, तरी पुरे होते.

तिसऱ्या महिन्यात मी ॲप बंद करण्याच्या विचारात होते. परंतु तोवर दुर्लक्षित ठेवलेला संख्यारेषेचा खेळ मुलांना दिला आणि माझे मत बरेच बदलले. त्यात पर्याय नसतात. ० ते १ या रेषेवर बोटाने खूण सरकवून अपूर्णांकाची जागा दाखवावी लागते. भाग रंगवण्याच्या खेळात चार पर्याय एकामागून एक दाबून पुढे जाणारी मुले येथे थांबून विचार करू लागली. ८ मोठा म्हणून १/८ हा १/६ पेक्षा मोठा, हा समज त्या रेषेवर फार काळ टिकला नाही. २/६ लिहिणाऱ्या त्याच मुलाने एके दिवशी १/२ आणि २/६ या दोन्ही खुणा लावल्या, थोडा वेळ पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “बाई, अर्ध्यात मिळवलं, मग अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं?” हा प्रश्न त्याला स्वतःहून पडावा यासाठी मी फळ्यावर किती वेळा खडू झिजवला होता!

ही अडचण माझ्याच वर्गाची नाही. १९७८ साली अमेरिकेतील राष्ट्रीय मूल्यमापनात १२/१३ + ७/८ याचे अंदाजे उत्तर १, २, १९ की २१, असे विचारले होते. १३ वर्षांच्या मुलांपैकी केवळ २४ टक्के मुलांनी २ हे उत्तर निवडले आणि निम्म्याहून अधिक मुले १९ किंवा २१ कडे वळली. १२/१३ आणि ७/८ हे दोन्ही अपूर्णांक १ च्या अगदी जवळ आहेत, हे संख्यारेषेची सवय असलेल्या मुलाला आकडेमोड न करताही दिसते.

त्यामुळे वर्गणी मी चालू ठेवली आहे, परंतु वर्षाऐवजी तीनच महिन्यांची. एका खेळासाठी सगळ्या ॲपची वर्षभराची रक्कम भरणे मला पटत नाही. घड्याळ लावून खेळायचा प्रकार मी वर्गात बंद केला आहे. घाईत मुले अंदाज करतात, विचार करीत नाहीत. बेरजेचा विभागही सध्या बंद आहे. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज मुले वहीतच करतात, आणि तेथे ६/८ ला मी बरोबरची खूण देते.