अँटिव्हायरसच्या खोट्या बिलापायी गेलेले ७६,४९१ रुपये

घरी किंवा कारखान्यात कॉम्प्युटर आहे आणि त्यावर वडीलधारं माणूस बँकेचे व्यवहार करतं, अशा प्रत्येकानं हे वाचावं म्हणून लिहितेय. पैसे गेले ते माझ्या थोरल्या काकांचे, आण्णांचे. त्यांना विचारूनच लिहायला बसले. "माझं नाव घालू नकोस, बाकी काही लपवू नकोस," एवढंच ते म्हणाले.

आण्णांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, आमच्याकडं टर्निंग-ड्रिलिंग होऊन पुढं जातं. ऑर्डर, ड्रॉइंग, बिल सगळं आता मेलवर, त्यामुळं मेलच्या बाबतीत आण्णा मुळातच जपून असतात. अनोळखी माणसाचं अटॅचमेंट उघडणार नाहीत. पेन ड्राइव्ह आधी स्कॅन केल्याशिवाय उघडणार नाहीत. अँटिव्हायरस पैसे देऊन घेतलेला, आणि त्याची मुदत कधी संपते हे कॅलेंडरवर लिहिलेलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण ऐकणारा प्रत्येक जण आधी "एवढं कसं कळलं नाही त्यांना?" असंच विचारतो. सावध माणसाच्या सावधपणालाच हात घालणारी ही फसवणूक आहे. ज्याला व्हायरसची फिकीरच नाही, तो असल्या मेलकडं बघतसुद्धा नाही.

मेल आला तो असा: तुमच्या अँटिव्हायरसचं तीन वर्षांचं रिन्यूअल झालं आहे, ८,४९९ रुपये चोवीस तासांत खात्यातून वजा होतील, रद्द करायचं असल्यास ग्राहक सेवेला फोन करा. खाली मोबाइल नंबर. सोबत पीडीएफ बिल, त्यावर एका नावाजलेल्या कंपनीचा लोगो, इन्व्हॉइस नंबर, अठरा टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला. रोज बिलं हाताळणाऱ्या माणसाला ते बिलच वाटणार.

हा मेल स्पॅममध्ये का गेला नाही आणि अँटिव्हायरसनं का अडवला नाही, हे मी नंतर नीट तपासलं. मेलमध्ये अडवण्यासारखं काही नव्हतंच. त्यात लिंक नव्हती, व्हायरस नव्हता, पीडीएफमध्येही नुसता मजकूर. पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव दिसत होतं, पण त्या नावावर क्लिक केल्यावर आतून निघाला फुकट मिळणारा साधा जीमेलचा पत्ता. मेलमध्ये दिसणारं नाव पाठवणारा हवं ते लिहू शकतो. खरा पत्ता ॲट या चिन्हाच्या पुढं असतो, तो उघडून बघावा लागतो. या सगळ्या मेलमध्ये धोक्याची गोष्ट एकच होती, ती म्हणजे तो फोन नंबर. आणि फोन नंबर अँटिव्हायरस सहसा तपासत नाही.

दुपारी कामगार जेवायला गेले होते तेव्हा आण्णांनी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत, अतिशय अदबीनं बोलत होता. रिन्यूअल रद्द करायला त्यानं लगेच होकार दिला, पण त्याआधी कॉम्प्युटरची सुरक्षा तपासावी लागेल म्हणाला. त्यासाठी त्यानं एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं आणि स्क्रीनवर आलेला आकडा विचारून घेतला. हे लांबून कॉम्प्युटर चालवण्याचं सॉफ्टवेअर. ते स्वतः वाईट नाही, कंपन्यांचे दुरुस्ती करणारे लोक रोज वापरतात. म्हणूनच अँटिव्हायरस त्याला हटकत नाही. पण तो आकडा सांगून 'परवानगी द्या' दाबलं की आपला माउस त्याच्या हातात जातो.

मग त्यानं आण्णांना भीती घातली. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची खिडकी असते. कॉम्प्युटरमध्ये जे जे घडतं त्याची तिथं आपोआप नोंद होते: एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, अपडेट अर्धवट राहिलं. अशा प्रत्येक नोंदीपुढं लाल किंवा पिवळं चिन्ह येतं. अगदी नव्या, निरोगी कॉम्प्युटरवरही अशा शेकडो नोंदी असतात. त्यानं ती खिडकी उघडली, खाली खाली सरकवत गेला आणि सांगितलं, "सर, हे सगळे व्हायरस आहेत. तुमच्या बँकेपर्यंत पोहोचलेत." आण्णा मला म्हणाले, "लाल फुल्यांचं रानच होतं गं ते. माझे हातपाय गार पडले." तुमच्या कॉम्प्युटरवर ती खिडकी आजच उघडून बघा आणि घरातल्या मोठ्यांनाही दाखवा. पहिल्यांदा ती फसवणाऱ्यानं दाखवण्यापेक्षा आपल्या माणसानं दाखवलेली बरी.

"पैसे परत करतो, खात्यात आले का बघा," म्हणत त्यानं नेट बँकिंग उघडायला लावलं. आण्णांनी पासवर्ड स्वतःच टाकला, त्यानं विचारलासुद्धा नाही. खात्यात १,१२,६४० रुपये होते. क्षणभर स्क्रीन काळी झाली, आणि परत दिसू लागली तेव्हा शिल्लक होती १,९७,६३०. म्हणजे ८,४९९ ऐवजी ८४,९९० जमा झालेले. आणि पलीकडचा माणूस एकदम रडवेला. "सर, माझ्याकडून एक शून्य जास्त पडलं. माझी नोकरी जाईल. घरी लहान मुलगी आहे. वरचे पैसे तेवढे परत पाठवा."

बँकेत एक रुपयाही आलेला नव्हता. ब्राउझरमध्ये उघडलेलं पान म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर उतरलेला मजकूर असतो, आणि ब्राउझरमध्येच असलेल्या साधनानं त्यातला कुठलाही आकडा बदलता येतो. पासबुकावर पेन्सिलीनं आकडा वाढवून ठेवावा, तसलाच तो प्रकार. पान रिफ्रेश केलं असतं तर जुनी शिल्लक परत दिसली असती. आणखी एक खूण होती: पैसे जमा झाल्याचा मेसेज मोबाइलवर आला नव्हता. पण तो माणूस फोन ठेवू देत नव्हता. एकसारखा बोलत होता, मध्येच हुंदका देत होता.

आण्णांना पैशांची हाव सुटली नव्हती. दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यात राहू नयेत, कुणाच्या पोराबाळांच्या पोटावर पाय येऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी मोबाइलवरून आधी ५०,००० आणि मग २६,४९१ रुपये पाठवले. स्वतःच्या हातानं, स्वतःचा पिन टाकून. मला याचा जितका संताप येतो तितका रकमेचा येत नाही. चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाचा प्रामाणिकपणा त्या लोकांनी हत्यार म्हणून वापरला.

संध्याकाळी हिशेबाला मी गेले तेव्हा आण्णा गप्प बसून होते. खात्यात ३६,१४९ दिसत होते आणि तो नंबर बंद. मी आधी इंटरनेटची वायर ओढली आणि १९३० ला फोन लावला. हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा नंबर. तिथं व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि पैसे कुणाला गेले हे विचारतात, म्हणून मोबाइलमधले ते मेसेज पुसू नका. मग ती यंत्रणा पुढच्या बँकेला कळवते, आणि पैसे अजून त्या खात्यात असले तर तिथं गोठवले जातात. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात भराभर जातात. म्हणून 'उद्या बँकेत जाऊन बघू' हे अजिबात करू नका. त्याच रात्री सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर तक्रार भरली, आणि सकाळी बँकेत व पोलिसांत लेखी दिली. परक्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटरवरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बँकेतल्या साहेबांनी मात्र "तुम्हीच पाठवलेत ना?" हे एवढ्या वेळा विचारलं की आण्णा खाली मान घालून उभे राहिले. विचारणं त्यांचं काम आहे हे कळतं. पण त्या काउंटरवर घरातलं कुणीतरी सोबत असलं पाहिजे, एवढं नक्की.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर फुल स्कॅनमध्ये काहीच सापडलं नाही. तरीही माझं समाधान झालं नाही, कारण त्या वेळात त्यानं आत काय ठेवलं असेल याची खात्री कोण देणार? बिलं आणि ड्रॉइंग वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतली आणि विंडोज पुसून नव्यानं टाकलं. बँकेचे, मेलचे, जीएसटीचे पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदलले. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपले मेल परस्पर दुसरीकडं फॉरवर्ड होत नाहीत ना, तेही बघितलं. ही जागा बहुतेक जण विसरतात. धंद्यात तर फार जपा, कारण मेल वाचणारा चोर आपल्या नावानं गिऱ्हाइकाला 'आमचा बँक खाते नंबर बदललाय' असं कळवू शकतो.

आता सगळे विचारतात, मग अँटिव्हायरस घ्यायचा तरी कुठला? माझं मत स्पष्ट आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासून असतो, फुकट असतो, आणि विंडोज अपडेट चालू ठेवलं तर घरगुती वापराला पुरतो. विकतचा हवा असेल तर जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्था वेगवेगळे अँटिव्हायरस तपासून निकाल जाहीर करतात, ते बघा. आपल्या पुण्याच्या क्विक हीलसारखं पॅकेट ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलानं घेतलं तरी चालेल. दोन अँटिव्हायरस एकत्र चालवू नका, ते एकमेकांच्याच मागं लागतात आणि मशीन रांगायला लागतं. मुदत कधी संपते हे त्या सॉफ्टवेअरच्या खिडकीतच लिहिलेलं असतं. मेलवर विश्वास ठेवायचं कारणच नाही. शंका आली तर तिथं बघा, किंवा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून साइटवर जा. मेलमधल्या नंबरवर फोन कधीच करू नका. आणि विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. उद्यमनगरात अजून कितीतरी मशिनं त्यावरच चालतात, त्यांनी आता ११ वर जाण्याचं मनावर घ्यावं.

व्हायरसवाले मेल संपलेत असंही नाही. गेल्याच महिन्यात आम्हाला 'पर्चेस ऑर्डर'च्या नावानं एक झिप फाइल आली. आत पीडीएफचं चित्र लावलेली फाइल होती, पण नावाच्या अगदी शेवटी ईएक्सई, म्हणजे उघडली की चालू होणारा प्रोग्रॅम. विंडोज हे शेवटचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळं पीडीएफच वाटते. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसनं हीच युक्ती केली होती: फाइल दिसायला साध्या मजकुराची, खरी स्क्रिप्टची, म्हणजे उघडली की चालू होणारी. फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू' मध्ये जाऊन फाइलची पूर्ण नावं दाखवण्याची खूण चालू करून ठेवा. ही फाइल आण्णांनीच ओळखली आणि मला हाक मारून दाखवली.

पैशांपैकी दुसऱ्या वेळी पाठवलेली रक्कम पुढच्या खात्यात गोठली आहे असं पोलिसांनी सांगितलं. ती सोडवायला कोर्टात अर्ज केलाय. पहिले ५०,००० पुढं निघून गेले.

तक्रार केल्यावर थोड्याच दिवसांत आण्णांना आणखी एक फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवण्याची फी म्हणून ४,००० भरा." एकदा फसलेल्या माणसाचा नंबर असल्या टोळ्या एकमेकांना देतात. पोलीस पैसे सोडवायला फोनवर फी मागत नाहीत. आण्णांनी फोन ठेवला, नंबर वहीत लिहून घेतला आणि मला दिला. संचार साथी या सरकारी साइटवरच्या 'चक्षू' विभागात असे संशयित नंबर कळवता येतात, तिथं तो टाकला. तुम्हाला असा फोन आला तर तुम्हीही टाका.